तोंडाचा कर्करोग : हातातली वर्षं जातात कुठे?

स्वादुपिंडाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग उशिरा कळला, तर त्याबद्दल कुणाला बोल लावता येत नाही. ते अवयव खोल असतात, आणि दुखणं सुरू होईपर्यंत आत काय चाललंय याचा पत्ता लागत नाही. तोंडाची गोष्ट अगदी वेगळी आहे. गालाची आतली बाजू, हिरड्या, जीभ, टाळू हे सगळं साध्या टॉर्चच्या उजेडात दिसतं. शिवाय हा कर्करोग बहुधा एकाएकी उगवत नाही. त्याच्या आधी कित्येक वर्षं पांढरे-लाल चट्टे, जळजळ, आखडत जाणारा जबडा अशा खुणा दिसत असतात. कारण माहीत आहे, जागा डोळ्यांसमोर आहे आणि सूचनाही खूप आधी मिळालेली आहे. इतक्या अनुकूल गोष्टी फार थोड्या कर्करोगांच्या वाट्याला येतात. तरीही आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतात ते गाठ वाढल्यावर, मानेत उतरल्यावर. मधली वर्षं गेली कुठे, हा मला या आजारातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

आधी आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते आणि जवळजवळ ८० हजार माणसं या आजाराने दगावली. त्याच वर्षी जगभरात नव्या रुग्णांची संख्या साधारण ३ लाख ८९ हजार होती. म्हणजे जगातल्या दर तीन रुग्णांत एकाहून थोडे अधिक आपले. भारतीय पुरुषांमध्ये तर हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे.

आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांतल्यासारखा नाही. तिकडे तो जास्त करून जिभेवर किंवा जिभेखाली होतो आणि सिगारेट व दारू ही त्याची मुख्य कारणं. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या अस्तरावर आणि खालची हिरडी व गाल यांच्यामधल्या खाचेत होतो. ही खाच म्हणजे तंबाखूचा बार भरून ठेवायची जागा. ज्या बाजूला माणूस वर्षानुवर्षं बार धरतो, बहुतेकदा त्याच बाजूला आजार सुरू होतो. कारण आणि परिणाम यांच्यातलं अंतर इतकं कमी असलेला दुसरा कर्करोग शोधावा लागेल.

या खाचेत जाणाऱ्या वस्तू मात्र मुलखागणिक बदलतात. तळहातावर चुन्याबरोबर मळलेली तंबाखू सगळीकडेच आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडे खर्रा: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला. नगर-सोलापूरकडे मावा. घराघरांतल्या बायकांच्या हाती मशेरी, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून वाटलेली तंबाखू. तिला व्यसन म्हणायची पद्धतच नाही, ती दात घासायची वस्तू मानली जाते आणि म्हणून तिच्याबद्दल डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २४.४ टक्के प्रौढांनी धूरविरहित तंबाखूचं सेवन सांगितलं, तर विडी-सिगारेट ओढणारे निघाले फक्त ३.८ टक्के. महाराष्ट्रात तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः चघळण्याचा आणि घासण्याचा आहे हे यावरून स्पष्ट होतं. गोव्यात तेच सर्वेक्षण तंबाखूचं एकूण प्रमाण ९.७ टक्के दाखवतं, देशात सर्वांत कमी. पण त्याच गोव्यात एके काळी खेड्यांतल्या बायका धुमटी नावाची वळलेली चिरूट जळतं टोक तोंडात धरून ओढत. सत्तरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने गोव्यातल्या ५ हजारांहून अधिक गावकऱ्यांची तोंडं तपासून तिचे परिणाम नोंदवले होते. आंध्रातल्या श्रीकाकुलममध्ये अशाच सवयीमुळे एरवी दुर्मीळ असणारा टाळूचा कर्करोग मोठ्या प्रमाणात दिसत आला.

तंबाखूचं पान पिकवताना, वाळवताना, मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. ती पेशींच्या जनुकांना इजा करतात. चुना अस्तराला डागतोच, पण त्याहून मोठी गोष्ट करतो: मिश्रण अल्कधर्मी बनवून तो निकोटिन झपाट्याने रक्तात जाऊ देतो. चुना लावल्याशिवाय तंबाखूला मजा नाही असं खाणारे म्हणतात, ते शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी खरं आहे. रोज दहा-पंधरा वेळा, दर वेळी अर्धा-अर्धा तास, एकाच बोटभर जागेवर हा लेप बसतो. पेशी जखम भरून काढण्यासाठी पुनःपुन्हा विभागतात आणि प्रत्येक विभागणीत जनुकांतल्या चुका साठत जातात. कल्याणीची जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा मेमोरियलचं खारघरचं संशोधन केंद्र यांनी इतर सहकाऱ्यांबरोबर २०१३ साली गाल-हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. गाठी रोखणारं टीपी५३ हे जनुक त्यात बिघडलेलं होतंच, शिवाय या जागेच्या कर्करोगाची खास ओळख ठरतील असे काही नवे बिघाडही सापडले. दारू या सगळ्यात भर घालते. ती स्वतः कर्करोगकारक आहे, आणि तंबाखूच्या जोडीने धोका नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

आता सुपारी. माझ्या मते इथे आपली सर्वांत मोठी चूक होते. तंबाखू वाईट हे आज कुणालाही सांगावं लागत नाही. सुपारी मात्र निर्दोष, पाचक, शुभ मानली जाते. तंबाखू सोडलेला माणूस मोठ्या अभिमानाने सांगतो की आता मी नुसती सुपारीच खातो, आणि घरचेही समाधान मानतात. जेवणानंतर मुलांच्या हातावर गोड सुपारी ठेवताना आपल्याला काहीच वाटत नाही.

१९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या तोंडात एक विचित्र कडकपणा पाहिला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी तसेच रुग्ण नोंदवले आणि या विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. गालाच्या अस्तराखाली दोरखंडासारखे पट्टे तयार होतात, अस्तर पांढुरकं, फिकट पडतं, तिखट सहन होत नाही, जीभ बाहेर येत नाही, आणि हळूहळू तोंड उघडणंच कमी होत जातं. साठच्या दशकात डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या सत्यवती सिरसाट यांनी या विकाराची व्याख्या घालून दिली. त्या काळात कारणाबद्दल मतभेद होते, मिरचीवरही संशय होता. पुढे सुपारीचा दोष निर्विवाद सिद्ध झाला. सुपारीतलं अरेकोलिन तंतू बनवणाऱ्या पेशींना चेतवतं, सुपारीतलं तांबं ते तंतू एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या विकराचा जोर वाढवतं आणि टॅनिनमुळे ते तंतू विरघळेनासे होतात. म्हणून सुपारी सोडल्यावर हा विकार पुढे वाढायचा थांबतो, पण झालेला कडकपणा फारसा परत फिरत नाही. केरळातल्या एर्नाकुलममध्ये अशा रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली तेव्हा ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग झालेला आढळला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुपारी ही तंबाखूशिवायही माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष आहे. तैवानचं उदाहरण त्याला पुरावा म्हणून पुरेसं आहे. तिथे विड्यात तंबाखू घालतच नाहीत, तरी सुपारी चघळणाऱ्या पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आहे. पूजेतल्या, साखरपुड्यातल्या सुपारीला कुणी हात लावायला सांगत नाही. तिचं स्थान ताटात आहे, गालात नाही, एवढंच.

सुपारी आणि तंबाखू यांची सुकी, चुरगळलेली, सुगंधी जोडी छोट्या पुडीत बंद करून विकायला सुरुवात झाली आणि चित्र बदललं. विडा करायला वेळ लागतो, पान-चुना-कात लागतो, तो चारचौघांत खाल्ला जातो. पुडी शाळकरी मुलाच्या खिशात मावते आणि कुणाला दिसत नाही. ऐंशीच्या दशकानंतर विशी-तिशीतल्या तरुणांचे जबडे आखडू लागले, ते या पुडीमुळे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण जुन्या अन्नभेसळ कायद्यात राज्याला तसा कायमस्वरूपी अधिकार नव्हता. गोव्याने २००५ साली स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा दुरुस्त करून वेगळी वाट काढली. मग अन्नसुरक्षा कायद्याखालच्या २०११च्या नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन मिसळायला मनाई झाली. त्याच्या आधारे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आणली. ती दर वर्षी नव्याने जाहीर होत आली आहे आणि पुढे मावा, खर्रा, सुगंधी सुपारी यांनाही लागू झाली. कंपन्यांनी पानमसाला वेगळ्या पुडीत आणि तंबाखू वेगळ्या पुडीत विकायला घेतली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने या जोडपुड्यांचीही दखल घेऊन बंदी नीट राबवायला सांगितलं.

बंदी फसली असं म्हणणं सोपं आहे, आणि राज्याबाहेरून येणाऱ्या गुटख्याचे ट्रक पकडल्याच्या बातम्या वाचल्या की तसं वाटतंही. माझं मत वेगळं आहे. बंदीने जाहिरात आणि उघडी विक्री आवळली, माल दडून विकावा लागला, आणि शाळकरी मुलाच्या वाटेत तो सहज येणं काही प्रमाणात कमी झालं. एवढं झालं तरी ते थोडं नाही. पण खर्रा हा कारखान्याचा माल नाही. तो टपरीवर डोळ्यांदेखत घोटला जातो, त्यासाठी सुपारी आणि तंबाखू सुटी मिळते. त्याला छापे घालून आळा बसणार नाही. गडचिरोलीत अभय बंग आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने राज्य सरकार व टाटा ट्रस्ट्सबरोबर ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू केला, तो गावाच्या निर्णयावर उभा आहे: गावातल्या बायका, शाळा, ग्रामसभा मिळून विक्री बंद करतात. कायदा गावाने आपला मानला की तो चालतो, हे गडचिरोलीतल्या अनेक गावांनी दाखवलं आहे.

आणि नुसतं समजावून सांगण्याने काय होतं, याचाही पुरावा आहे, तोही आपल्याच लोकांनी गोळा केलेला. मुंबईच्या ज्या दंतसंशोधन विभागाचा वर उल्लेख आला, त्यातले फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतल्या ३६ हजार तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या लोकांना घरोघर भेटून, सभा घेऊन, चित्रपट दाखवून तंबाखू सोडायला सांगितलं आणि वर्षानुवर्षं त्यांची तोंडं तपासली. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: सोडणाऱ्यांचं आणि कमी करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, आणि तोंडात पांढरे चट्टे नव्याने येण्याचं प्रमाण घटलं. धोका कमी व्हायला पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. याच माणसात, याच तोंडात तो कमी होतो.

तपासणीबाबत आपल्याकडचा सर्वांत भक्कम अभ्यास केरळमधला. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ पंचायत-गटांपैकी सातांमध्ये पस्तिशी ओलांडलेल्या लोकांची तोंडं दर तीन वर्षांनी तपासली गेली, बाकी सहांमध्ये नेहमीची व्यवस्था राहिली. अभ्यासात १ लाख ९० हजारांवर माणसं होती. तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले पदवीधर आरोग्यसेवक होते, आणि त्यांचं मुख्य साधन होतं उजेड. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरसकट सगळ्या लोकसंख्येत मृत्यूंमधला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. यातून कामाची दिशा मिळते. सगळ्यांची तोंडं पाहण्यात शक्ती विखुरण्यापेक्षा खाणाऱ्यांची, घासणाऱ्यांची, ओढणाऱ्यांची तोंडं आधी आणि पुनःपुन्हा पाहावीत.

केंद्र सरकारने २०१६ साली तीस वर्षांवरच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार तोंडाची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ३० ते ४९ वयोगटातल्या केवळ ०.९ टक्के स्त्रियांनी आणि १.२ टक्के पुरुषांनी आपलं तोंड कर्करोगासाठी कधी तरी तपासलं गेल्याचं सांगितलं. हा आकडा मला या संपूर्ण विषयातला सर्वांत लाजिरवाणा वाटतो. यंत्र नको, वीज नको, रक्त काढायला नको. हवी फक्त टॉर्च, हातमोजे, लाकडी पट्टी आणि पाच मिनिटं. महाराष्ट्राने ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी २०२३ साली सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमलं, हे चांगलंच झालं. पण उपकेंद्रातल्या परिचारिकेच्या आणि आशाताईंच्या हातात आधीच डझनभर कामं आहेत. त्यांना या कामासाठी वेळ आणि, संशयित रुग्ण सापडल्यावर त्याला पाठवायचं कुठे याचं नक्की ठिकाण दिल्याशिवाय अभियानाचा उपयोग होणार नाही.

घरच्या घरी काय पाहायचं? नैसर्गिक उजेडात आरशासमोर उभं राहावं. तंबाखू, कवळी, जे काही तोंडात असेल ते काढून चूळ भरावी. ओठ उलटे करून, गाल बोटाने बाहेर ओढून, खालच्या हिरडीलगतची खाच शेवटच्या दाढेपर्यंत नीट पाहावी. जीभ बाहेर काढून दोन्ही कडा, मग जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा. बोटाने चाचपून कुठे कडकपणा लागतो का ते पाहावं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा असेल तर डॉक्टरला दाखवावा. तंबाखू सोडल्यावर असे चट्टे पुष्कळदा विरतातही. मखमली लाल चट्टा मात्र जास्त गंभीर, कारण त्यातला तुकडा तपासला तर बहुतेक वेळा पेशींचे बिघाड आधीच झालेले आढळतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः न दुखणारी, ही सर्वांत महत्त्वाची खूण. कारण दुखत नाही म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर जबडा आखडतो आहे. कारण नसताना हलू लागलेला दात, दात काढल्यावर न भरणारी खाच, ओठाला बधिरपणा, मानेत गाठ, गिळताना कानात जाणारी कळ यांकडेही काणाडोळा करू नये.

यातली एक अडचण फारशी बोलली जात नाही. ज्याचं तोंड आखडलंय त्याला स्वतःचं तोंड पाहता येत नाही, आणि धोका सर्वाधिक त्यालाच असतो. आखडलेल्या जबड्यामागे, शेवटच्या दाढेपाशी वाढणारा कर्करोग तज्ज्ञालाही कठीण जातो. म्हणून ज्यांचं तोंड दोन बोटांइतकंच उघडतं त्यांनी घरच्या तपासणीवर विसंबू नये. दर तीन-चार महिन्यांनी दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जावं.

खूण दिसल्यानंतरही वेळ जातो, आणि तो कुठे जातो हे ठरलेलं आहे. ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि औषधाच्या दुकानातलं मलम यांत पहिला महिना. मग ‘उष्णता आहे’ म्हणून गुलकंद. मग हलणारा दात काढून टाकला जातो, पण त्याच्या मुळाशी असलेला कर्करोग दिसत नाही, आणि जखम भरत नाही म्हणून प्रतिजैविकं सुरू होतात. डॉक्टरने विचारलं तर माणूस तंबाखूची सवय लपवतो, बाई मशेरीचं नावही काढत नाही. शेवटी कुणी तुकडा काढून तपासायला सांगितलं की गावातला एखादा शहाणा सांगतो, ‘हत्यार लावलं की पसरतं.’ या एका समजुतीने जितकी माणसं घालवली, तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या समजुतीने घालवली असतील. तुकडा तपासल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तपासायला लावलेल्या उशिरामुळे तो पसरतो, आणि तपासल्याशिवाय कुठलेच उपचार ठरवता येत नाहीत.

उपचारांची बाजू मी थोडक्यात घेतो. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार आहे, गरजेप्रमाणे त्यानंतर साधारण सहा आठवडे किरणोपचार, काही रुग्णांना त्यांच्याबरोबर केमोथेरपी. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेक रुग्ण बरे होतात. चौथ्या टप्प्यात तीच आशा निम्म्याहून कमी होते आणि गालाचा, जबड्याच्या हाडाचा मोठा भाग काढावा लागतो. छातीचं किंवा पायाचं मांस-हाड आणून तो भाग पुन्हा उभा करतात. या कर्करोगाच्या उपचारांत आपल्याकडच्या डॉक्टरांनी जगाला मार्ग दाखवला आहे. मानेत गाठ हाताला लागत नसताना मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, हा जगभरच्या शल्यविशारदांचा जुना वाद होता. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तो सोडवला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ग्रंथी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आजार फार पुढे गेलेल्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांना याच रुग्णालयात निवोलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिलं गेलं. एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. गरीब देशातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या खिशाकडे पाहून विचारलेला हा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर जगाच्या कामी आलं.

परळला जाण्याची भीती हेही उशिराचं एक कारण आहे. मुंबईत राहायचं कुठे, शेत कोण बघणार, पैसे किती लागतील, या विचारात महिने जातात. वास्तविक बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथेच सुरू झाली. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार येतात. निदान नक्की करायला तर मुंबईलाच जायची गरज नाही, ते जिल्ह्याच्या पातळीवर होऊ शकतं.

बरं झाल्यानंतरचं आयुष्य सोपं नसतं. लाळ कमी होते, तोंड उघडायचे व्यायाम रोज करावे लागतात, बोलणं पुन्हा शिकावं लागतं. आणि एक धोका राहतो: तंबाखूचा मारा संपूर्ण तोंडाच्या अस्तरावर झालेला असतो, त्यामुळे त्याच तोंडात दुसऱ्या जागी नवा कर्करोग होऊ शकतो. तंबाखू आणि सुपारी सोडणं हा म्हणूनच उपचाराचाच भाग आहे. महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांदेखत आर. आर. पाटील यांना फेब्रुवारी २०१५ मध्ये वयाच्या ५७व्या वर्षी या आजाराने गमावलं. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग झाला, ते शस्त्रक्रिया करून घेऊन पुन्हा कामाला लागले आणि या सवयीची किंमत आपण मोजल्याचं जाहीरपणे सांगत आले. मोठ्या माणसाने हे लपवून न ठेवता बोलणं मला फार मोलाचं वाटतं, कारण हा आजार लाजेच्या आड वाढतो.

सोडणं अवघड आहे हे मान्य करूनच बोललं पाहिजे. निकोटिनची तलफ हा मनाचा कमकुवतपणा नाही, ती मेंदूतली घडामोड आहे. पहिले चार-पाच दिवस चिडचिड, झोप न येणं, डोकं जड होणं सगळ्यांत जास्त असतं. काही आठवड्यांत ते ओसरतं. प्रत्येक तलफ काही मिनिटांतच उतरते, तेवढा वेळ हात आणि तोंड दुसऱ्या कशात गुंतवावं लागतं. बडीशेप, लवंग, पाणी, थोडं चालणं चालेल. सुपारी चालणार नाही. निकोटिनचा च्युइंगम घेतल्यास तो सारखा चघळू नये. दोन-चारदा चावून गालाशी धरून ठेवावा, म्हणजे औषध नीट लागू पडतं. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं बायका सांगतात. ते खोटं नाही, निकोटिन आतड्यांना चालना देतं. म्हणून सोडताना त्यांना पाणी, भाज्या आणि गरज पडल्यास साधं औषध द्यावं, उपदेश देऊ नये. एकदा सुटून पुन्हा सुरू झालं तर ते अपयश मानू नये, बहुतेकांना दोन-तीनदा प्रयत्न करावे लागतात.

तुमच्या घरात, कामाच्या ठिकाणी, शेतावर कुणी तंबाखू, खर्रा, मावा, मशेरी किंवा नुसती सुपारी खात असेल, तर त्याला वाईट म्हणू नका, त्याचं तोंड उजेडात पाहा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा दिसला तर त्याला त्याच आठवड्यात जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात, दंत महाविद्यालयात किंवा दंतवैद्याकडे स्वतः घेऊन जा आणि तुकडा तपासायला सांगितला तर लगेच तपासू द्या. सोडायची इच्छा असेल, तर केंद्र सरकारचा तंबाखूमुक्ती मदत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.